बोबडे बोल आणि मनाचें शास्त्र

मुलानें पहिला शब्द कोणता उच्चारला, याविषयीं प्रत्येक घरांत एक दंतकथा असते. आई म्हणते तें 'आई' म्हणालें, आजी म्हणते 'आजी'; आणि शेजारीं बसलेल्या तटस्थ माणसास त्या उद्गारांत 'आ' या स्वरापलीकडे कांहींच ऐकूं आलेलें नसतें. ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी खरी. परंतु याच थट्टेच्या विषयांतून एका शास्त्राचा बराचसा भाग उगम पावला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मानसशास्त्राचा जन्म १८७९ सालीं जर्मनींतील लाइप्झिग येथें व्हुंट यानें प्रयोगशाळा स्थापिली त्या वेळीं झाला, असें पाठ्यपुस्तकांत वाचावयास मिळतें. तें खोटें नाहीं. पण त्या प्रयोगशाळेंतील यंत्रें चालूं होण्यापूर्वींच पॅरिस व लंडन येथील दोन नव्या नियतकालिकांनीं एका लहान मुलीचे आणि एका लहान मुलाचे बोबडे बोल छापून काढले होते, आणि मनाचा अभ्यास कोठून सुरू करावा याचें एक वेगळेंच उत्तर विद्वानांपुढें ठेवलें होतें. प्रस्तुत लेखांत त्या उत्तराची हकीकत सांगावयाची आहे.

प्रश्न मात्र त्याहून फार जुना. मुलास कोणी भाषा शिकविलीच नाहीं, तर तें कोणती भाषा बोलेल? हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें सांगितलेली इजिप्तच्या सामेटिकस राजाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानें दोन तान्हीं मुलें एका धनगराच्या हवालीं केलीं व त्यांच्यासमोर कोणीं एक अक्षरही बोलूं नये अशी ताकीद दिली. दोन वर्षांनीं तीं मुलें हात पुढें करून 'बेकोस' म्हणालीं. फ्रिजियन भाषेंत हा भाकरीचा शब्द आहे असें कळल्यावर राजानें त्या लोकांस जगांतील सर्वांत प्राचीन लोक ठरविलें. धनगराच्या शेळ्यांचें ओरडणें मुलांच्या कानीं रोज पडत होतें, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं!

आपल्याकडे हाच प्रयोग अकबर बादशहानें केला, आणि त्याचा वृत्तांत दंतकथेच्या कोटींतला नव्हे. बादशहाचा स्तुतिपाठक अबुल फझल आणि बादशहावर मनांतून जळणारा बदायुनी, अशा परस्परविरुद्ध वृत्तीच्या दोघांनींही तो लिहून ठेवला आहे. १५७८ च्या सुमारास तान्हीं मुलें एका एकांत वाड्यांत ठेवण्यांत आलीं. दाया नेमल्या, पण त्यांना बोलण्याची बंदी होती. बदायुनी मुलांची संख्या सुमारें वीस देतो, आणि लोक त्या वाड्यास 'गुंग महल' म्हणूं लागले असें सांगतो. १५८२ सालीं बादशहा स्वतः तेथें गेला तेव्हां मुक्यांच्या आवाजापलीकडे आंतून कांहीं ऐकूं आलें नाहीं. ऐकल्यावांचून बोलणें येत नाहीं, हें बादशहाचें अनुमान खरें ठरलें. बदायुनी पुढें लिहितो कीं, त्यांतलीं बरींच मुलें मातीआड गेलीं. सामेटिकसपेक्षां अकबराचें तर्कशास्त्र अधिक शुद्ध होतें हें मान्य केलें, तरी त्या शुद्धतेची किंमत कोणी भरली हें विसरून चालत नाहीं. मुलांच्या भाषेचा इतिहास लिहितांना हा वाडा वारंवार डोळ्यांपुढें येतो, आणि पुढें येणाऱ्या एका प्रकरणांत त्याची आठवण पुन्हां करावी लागणार आहे.

राजांनीं मुलें कोंडलीं. पंडितांनीं निदान तेवढें तरी केलें नाहीं. शब्दाचा अर्थ मुलास प्रथम कसा कळतो, या प्रश्नाचा जितका बारकाईनें खल आमच्या मीमांसकांनीं केला आहे तितका प्राचीन काळीं अन्यत्र क्वचितच झाला असेल. त्यांचें उदाहरण संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवत असेल. घरांतील वडील माणूस धाकट्यास म्हणतो, 'गाम् आनय'. धाकटा उठून गाय घेऊन येतो. जवळ बसलेलें मूल हें पाहतें. पुढें 'गां बधान' म्हटल्यावर गाय बांधली जाते, 'अश्वम् आनय' म्हटल्यावर घोडा येतो. एक शब्द बदलला कीं क्रियेचा एक भाग बदलतो, यावरून मूल प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा काढतें. यालाच वृद्धव्यवहार म्हणतात, आणि शब्दांच्या या काढघालीला आवापोद्वाप. मुलाच्या ध्यानांत आधीं सुटे शब्द येतात व मग वाक्य जुळतें असें कुमारिलाचें मत, तर वाक्यांत गुंफलेलाच अर्थ आधीं कळतो असें प्रभाकराचें. हा वाद आजच्या विद्यापीठांत वेगळ्या नांवांनीं चालूच आहे. भर्तृहरीनें तर याहून मागें जाऊन, मुलाच्या जिभेची पहिली हालचाल, श्वासाचा पहिला उच्छ्वास, हेंही शब्दाच्या उपजत संस्कारावांचून शक्य नाहीं, असें म्हटलें. पश्चिमेंत संत ऑगस्टिननें चवथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आत्मवृत्तांत जवळजवळ मीमांसकांसारखेंच वर्णन केलें आहे: मोठीं माणसें वस्तु दाखवून नांव घेत, आणि मी तें मनांत साठवीत गेलों.

मीमांसकांच्या चित्रांत मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी कीं, त्यांत मुलास कोणी शिकवीत नाहीं. मूल कडेला बसून पाहतें आणि स्वतः शोध करतें. परंतु या सर्व विद्वानांत एक उणीव सारखीच आहे. तें मूल कोणाचें, त्याचें वय किती महिन्यांचें, तें अमुक शब्द कोणत्या दिवशीं बोललें, हें कोणीच विचारलें नाहीं. मूल हें केवळ उदाहरण होतें. घरांतलें खरें मूल पाळण्यांत हातपाय नाचवीत असतां पंडित पोथींतल्या मुलाविषयीं वाद घालीत बसले होते.

पाळण्याकडे वळून पाहणारा पहिला तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान हा होय. याचा मुलगा फ्रीड्रिख हा जर्मनींतील कासेल या गांवीं २३ ऑगस्ट १७८१ रोजीं जन्मला, आणि बापानें जन्मापासूनच तारीखवार टिपणें ठेवण्यास आरंभ केला. सातवा महिना चालू असतां आईनें मुलासमोर 'मा' हें अक्षर उच्चारलें. मुलानें तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलें व तसेंच तोंड करून पाहिलें. नोंद एवढीच. पण तत्त्वज्ञानाच्या दोन हजार वर्षांत अशी नोंद कोणास करावीशी वाटली नव्हती. ही टिपणें १७८७ सालीं एका प्रांतिक पत्रिकेंत छापलीं गेलीं आणि तेथेंच विसरलीं गेलीं. त्यांचें फ्रेंच भाषांतर होण्यास १८६३ साल उजाडावें लागलें. जातां जातां सांगावयास हवें कीं, ज्याचे बोबडे बोल टिपले गेले तो फ्रीड्रिख पुढें हायडेलबर्ग येथें शारीरशास्त्राचा नामांकित अध्यापक झाला, आणि १८३६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आलेल्या निबंधांत आफ्रिकी व युरोपीय माणसांच्या मेंदूंची मापें देऊन, काळ्या माणसाची बुद्धि जन्मतः हीन असते या समजुतीस आधार नाहीं असें त्यानें दाखविलें. त्या काळीं असें म्हणणारे शारीरशास्त्रज्ञ बोटांवर मोजण्याइतकेच होते.

यानंतरचा मोठा टप्पा १८७६ चा. त्या वर्षीं फ्रान्समध्यें रिबो यानें आणि इंग्लंडांत बेन यानें मन व तत्त्वज्ञान यांना वाहिलेलीं दोन पत्रें सुरू केलीं. रिबोच्या पत्राच्या पहिल्याच वर्षांत हिपोलित तेन या प्रसिद्ध इतिहासकार-टीकाकारानें एका लहान मुलीचें भाषाशिक्षण वर्णिलें. तेनचें निरीक्षण मोठें मार्मिक आहे. आगगाडीला फ्रेंचमध्यें जें नांव आहे त्याचें त्या मुलीनें 'फाफेर' असें रूप केलें. पण मग चहाकॉफीचें जें भांडें वाफ सोडी व सूं सूं करी, तेंही 'फाफेर' झालें. चॉकोलेटचें 'कोला' झालें, आणि सगळाच गोड खाऊ 'कोला' ठरला. मूल शब्द घेतें तो मोठ्यांचा, पण त्याचा विस्तार करतें तो स्वतःच्या बुद्धीनें. आणि त्या विस्तारांतच त्याच्या मनाची घडण दिसते, असें तेनचें म्हणणें. आपल्या घरांतलें मूल प्रत्येक चतुष्पादाला 'भू भू' म्हणतें तेव्हां आपण हंसतों. तेननें तेथें हंसण्याऐवजीं विचार केला. मग मोठीं माणसें गायीला 'हम्मा' म्हणून दुरुस्ती करतात, आणि 'भू भू'चें राज्य एकेक प्रांत गमावीत अखेर कुत्र्यापुरतें उरतें.

हा लेख इंग्रजी भाषांतराच्या रूपानें १८७७ च्या एप्रिलांत बेनच्या 'माइंड' या पत्रांत आला, आणि तो वाचून चार्लस डार्विन यानें आपली जुनी टिपणवही बाहेर काढली. ही वही सदतीस वर्षांपूर्वींची होती! त्याचा पहिला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरांत जन्मला तेव्हांपासून डार्विननें त्याच्या हंसण्यारडण्याच्या, रागाच्या, भीतीच्या नोंदी केल्या होत्या. त्या त्यानें जुलैच्या अंकांत प्रसिद्ध केल्या. सेहेचाळिसाव्या दिवशीं मुलानें स्वतःच्या करमणुकीसाठीं निरर्थक आवाज काढले. साडेपांच महिन्यांचा असतां 'दा' असें स्पष्ट अक्षर उच्चारलें, परंतु त्यास कांहीं अर्थ नव्हता. आणि बरोबर वर्षाचा झाला तेव्हां त्यानें खाण्यासाठीं एक शब्द शोधून काढला. तो शब्द 'मम्'. हा शब्द त्याला कोठून सुचला हें आपणांस कळलें नाहीं, असें डार्विन लिहितो. पुढें साखर 'शु-मम्' झाली, आणि 'ब्लॅक' म्हणजे काळा हा शब्द आल्यावर ज्येष्ठमधाची काळी वडी 'ब्लॅक-शु-मम्', म्हणजे काळें-गोड-खाणें. सजीवसृष्टीच्या उत्पत्तीचें कोडें सोडविणाऱ्या पुरुषास जें कोडें वाटलें त्याचें मराठी वाचकास मात्र कौतुक वाटेल, कारण इंग्लंडांतील त्या मुलाचा शब्द आणि आपल्या घराघरांतील 'ममं' यांत एका अनुस्वाराचें काय तें अंतर! रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानें १९६० सालीं याची उपपत्ति दिली. तोंड स्तनाशीं लागलेलें असतां मुलास जो आवाज काढतां येतो तो ओठ मिटलेले ठेवून नाकावाटे निघणारा 'म्' हाच. दूध समोर दिसलें कीं त्याच आवाजाची आठवण होते, मग तो आवाज दुधाचें, अन्नाचें व तें देणारीचें नांव होऊन बसतो. जगांतील असंख्य भाषांत आईच्या नांवांत 'म' कां, याचेंही उत्तर त्यांतच आहे.

डार्विनचें मोठेपण मला या शब्दांच्या यादीपेक्षां दुसऱ्या एका गोष्टींत दिसतें. 'मम्' हा शब्द मागणी करतांना मुलगा शेवटीं प्रश्नार्थक सूर लावी, हें त्यानें टिपलें. शब्दांआधीं सूर येतो!

१८८२ सालीं येना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम प्रायर याचें 'बालकाचें मन' हें मोठें पुस्तक निघालें, आणि या विषयाला शास्त्राची दीक्षा मिळाली असें मानतात. प्रायरनें आपल्या मुलाचें पहिलीं तीन वर्षें दिवसांतून निदान तीन वेळां नियमानें निरीक्षण केलें. कोणी माणूस खोलींतून गेलें, दिवा मालवला, कीं मुलगा 'अत्ता' म्हणे; म्हणजे होतें तें नाहींसें झालें. वस्तूच्या नांवाआधीं वस्तूच्या जाण्याला नांव मिळालें. प्रायर शिस्तीचा एवढा कडक कीं मुलाला टाळ्या पिटणें वगैरे लाडके चाळे शिकवूं नयेत, त्यामुळें निरीक्षण बिघडतें, असा त्याचा दंडक होता. मुलाच्या आईचें यावर काय म्हणणें होतें तें पुस्तकांत नाहीं.

व्हुंटला हें सारें फारसें पसंत नव्हतें. ज्या मनाला स्वतःविषयीं साक्ष देतां येत नाहीं त्यावर प्रयोग कसला, आणि मुलाची म्हणून जी भाषा समजतात ती वस्तुतः दायांनीं व आयांनीं बोबडें बोलून त्याला दिलेली असते, असा त्याचा आक्षेप. यांत तथ्य आहेच. 'ममं', 'भुर्र', 'गाई' हे शब्द आपण मुलाकडून घेतले कीं मुलानें आपल्याकडून, हें कोण सांगणार? पण या आक्षेपामागें आणखी एक गोष्ट दडलेली होती: पाळण्याजवळ बहुतेक वेळ असतात त्या स्त्रिया, आणि स्त्रियांची टिपणें शास्त्रज्ञांच्या पंक्तीस बसवावयाची कशीं? कॅलिफोर्नियांतील मिलिसेंट शिन या बाईंचें उदाहरण घ्या. एका वाङ्मयीन मासिकाच्या त्या संपादिका होत्या. भाचीचा जन्म झाल्यावर त्यांनीं तिच्या वाढीचीं टिपणें ठेवलीं, तीं इतकीं काटेकोर होतीं कीं १८९८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. ती मिळविणाऱ्या त्या विद्यापीठांतील त्या पहिल्याच स्त्री. आणि पदवी मिळाल्यावर? त्या घरीं परतल्या आणि घरच्यांच्या शुश्रूषेंत त्यांचें आयुष्य गेलें. प्रायरच्या तोडीचें काम करणाऱ्या व्यक्तीचें शास्त्रीय जीवन तेथें संपलें, याची हळहळ वाटल्यावांचून राहत नाहीं.

यापेक्षां सुदैवी म्हणावयाचें तें क्लारा व विल्यम श्टेर्न हें जोडपें, तेंही अर्ध्या अर्थानेंच. ब्रेस्लाउ येथें १९०० सालीं थोरल्या मुलीच्या जन्मापासून त्यांनीं रोजनिशी सुरू केली, ती तीन मुलांच्या मिळून अठरा वर्षें चालली. हस्तलिखित पानें पांच हजारांच्या घरांत. लिहिण्याचें बहुतेक काम क्लाराबाईंचें. १९०७ सालीं 'बालभाषा' हा ग्रंथ दोघांच्या नांवानें निघाला, आणि त्यांत तिचें नांव पहिलें आहे. सुमारें दीड वर्षाच्या वयांत मुलाला एक शोध लागतो, तो म्हणजे प्रत्येक वस्तूला नांव असतें हा. त्यानंतर मूल 'हें काय?' असें विचारीत सुटतें व शब्द भराभर वाढतात, ही श्टेर्न यांची कल्पना आज सुधारून घ्यावी लागली असली तरी टाकून दिलेली नाहीं. मूल केवळ अनुकरण करीत नाहीं आणि केवळ आंतून उमलतही नाहीं, दोन्ही प्रवाह एकत्र येतात, असें त्यांचें प्रतिपादन. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच विल्यम श्टेर्न ज्यू म्हणून विद्यापीठांतून काढले गेले. जें विद्यापीठ हाम्बुर्ग येथें उभें करण्यास त्यांनीं स्वतः हातभार लावला होता तेंच हें. ते हॉलंडमार्गें अमेरिकेस गेले आणि १९३८ सालीं तेथेंच वारले. रोजनिशीचीं पानें मात्र वांचलीं.

इकडे अमेरिकेंत वारा बदलला होता. १९१३ सालीं वॉटसन यानें मानसशास्त्रांतून मनालाच हद्दपार केलें; वर्तन तेवढें खरें, बाकी सर्व कल्पना. आर्नल्ड गेसेल यानें येल येथें शेंकडों मुलें तपासून कोणत्या महिन्यांत काय यावें याचीं कोष्टकें तयार केलीं. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हुंकार, सहासात महिन्यांवर 'बाबाबा' 'दादादा', वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड ते दोन वर्षांत दोन शब्दांचें वाक्य, ही जी उजळणी आज प्रत्येक सुशिक्षित घरांत पाठ असते तिचें मूळ अशा कोष्टकांत आहे. कोष्टकें उपयोगी आहेत यांत शंका नाहीं. पण सरासरी म्हणजे कायदा नव्हे, हें ध्यानांत न ठेवल्यामुळें त्यांनीं पुष्कळ आईबापांची झोंप उडविली आहे. सोळा महिन्यांच्या निरोगी मुलांत कोणाजवळ जेमतेम पांचसात शब्द असतात तर कोणाजवळ शंभरांहून अधिक. २०२२ सालीं अमेरिकेंतील सरकारी आरोग्यसंस्थेनें आपलें कोष्टक बदलून, निम्म्या मुलांना जें येतें त्याऐवजीं शंभरांतल्या निदान पंचाहत्तर मुलांना जें येतें तेंच त्या त्या वयापुढें लिहिलें. आणि त्यावरही वाद झाला तो झालाच.

वर्तनवाद्यांचा कळस म्हणजे स्किनर याचा १९५७ चा ग्रंथ. बोलणें ही बक्षिसानें जडणारी संवय, असें त्याचें सार. दोन वर्षांनीं चॉम्स्कीनें त्यावर जें परीक्षण लिहिलें तें मूळ ग्रंथाहून अधिक वाचलें गेलें. परीक्षणें लिहिणारांस यांत समाधान मानतां येईल! मुलें कधीं न ऐकलेलीं वाक्यें बोलतात, तेव्हां नियमांचा कांहीं सांचा मनांत उपजत असलाच पाहिजे, हें चॉम्स्कीचें म्हणणें; भर्तृहरि तें ऐकून मान डोलविता. आपल्या घरांतलें मूल 'मीं केलें' याऐवजीं 'मीं करलें' म्हणतें. हें रूप त्यानें कोणाच्या तोंडून ऐकलेलें नसतें. 'धरलें', 'भरलें' यांवरून नियम काढून तें त्यानें स्वतः घडविलेलें असतें. त्याची चूक ही त्याच्या व्याकरणाची साक्ष होय.

मग हार्वर्ड येथें रॉजर ब्राउन यानें १९६२ पासून पुन्हां टिपणवहीच हातीं घेतली. फरक इतकाच कीं आतां जोडीला ध्वनिमुद्रणाचें यंत्र होतें. ॲडम, ईव्ह व सारा या तीन मुलांचीं संभाषणें टिपून त्यानें १९७३ सालीं दाखविलें कीं, ईव्ह इतर दोघांच्या फार पुढें होती, तरी प्रत्यय व विभक्तिसदृश रूपें येण्याचा क्रम तिघांत जवळजवळ एकच होता. वय वेगळें, वाट तीच. त्याच्याच संशोधनांत असेंही आढळलें कीं, आईबाप मुलाचें व्याकरण क्वचितच सुधारतात; वाक्य मोडकें पण खरें असेल तर शाबासकी मिळते, शुद्ध पण खोटें असेल तर टोकतात. इतकें असून मोठेपणीं माणूस शुद्ध बोलतो आणि खरें मात्र नेहमींच बोलतो असें नाहीं, असा मिस्कील शेराही ब्राउननें मारला आहे.

यापुढचे शोध मूल बोलण्याआधींचे आहेत, आणि त्यांत आपल्या वर्णमालेला अनपेक्षित मान मिळाला आहे. १९७१ सालीं आयमस व त्याचे सहकारी यांनीं चोखणीला सूक्ष्म यंत्र जोडून पाहिलें. एकच अक्षर ऐकून कंटाळलेलें मूल चोखण्याचा वेग मंदावतें, नवें अक्षर आलें कीं तो वाढवतें. एका महिन्याच्या मुलाला 'ब' आणि 'प' यांतील भेद कळतो, असें यावरून सिद्ध झालें. पुढें कॅनडांत जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंदींतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' हे वर्ण वापरले. 'ताक' आणि 'टाक' यांतला भेद आपल्याला इतका उघड कीं त्याचा विचारही मनांत येत नाहीं. प्रौढ इंग्रज माणसास मात्र तो सहसा ऐकूंच येत नाहीं. पण इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो स्पष्ट कळत होता! दहा ते बारा महिन्यांचीं होईपर्यंत बहुतेकांचा तो कान गेलेला होता. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारास मुलानें आपली भाषा निवडलेली असते, आणि जी आपली नव्हे तिला कान मिटलेले असतात. शिकणें म्हणजे केवळ भर पडणें अशी आपली कल्पना; येथें तर शिकणें म्हणजे कांहीं गमावणें असें दिसतें.

अभिमन्यूनें गर्भांत असतां चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा या संदर्भांत पुष्कळ जण पुढें करतात. चक्रव्यूह राहूं द्या. पण १९८६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आईनें रोज मोठ्यानें वाचलेली गोष्ट नवजात मुलानें न वाचलेल्या गोष्टीपेक्षां अधिक पसंत केल्याचें आढळलें. गर्भांत पोंचतो तो अर्थ नव्हे. आवाजाचा चढउतार पोंचतो. डार्विननें टिपलेला तो सूरच येथें पुन्हां भेटतो.

आतां ज्या प्रकरणाचा उल्लेख पूर्वीं केला तें. गुंग महलाच्या भिंती अकबरानें बांधल्या. पण कांहीं मुलांभोंवतीं त्या निसर्गच बांधतो. जन्मतः बहिरें मूलही पहिले कांहीं महिने हुंकार देतें, हंसतें, आवाज काढतें, म्हणून घरांतल्यांस शंका येत नाहीं. 'बाबाबा' मात्र वेळेवर येत नाहीं, आणि घरांतलीं वडील माणसें 'मामाही उशिराच बोलला होता' असें समाधान करून घेतात. कधीं कधीं तें खरेंही असतें. नसतें तेव्हां गेलेले महिने परत येत नाहींत. कारण लेनेबर्ग यानें १९६७ सालीं मांडल्याप्रमाणें भाषा सहज येण्याचा एक काळ असतो आणि तो सरतो. अमेरिकेंतील कोलोराडो येथें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, ज्या मुलांचें बहिरेपण सहा महिन्यांच्या आंत ओळखून उपचार सुरू झाले त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षां स्पष्टपणें पुढें होती. नवजात मुलाच्या कानाची परीक्षा आज यंत्रानें कांहीं मिनिटांत होते.

आणि ही भाषा जिभेचीच असली पाहिजे असेंही नाहीं. १८०० सालीं फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतांत रानांत सांपडलेल्या मुलास इतार या डॉक्टरानें पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेंत ठेवून कित्येक वर्षें बोलावयास शिकविलें. दुधाचा फ्रेंच शब्द व आणखी एखादा उद्गार यांपलीकडे तो गेला नाहीं. भोंवतीं हातांच्या खुणांनीं भरभरून बोलणारीं मुलें असतां, त्या खुणा त्याला शिकवाव्या असें इतारच्या मनांत आलें नाहीं! १९९१ सालीं माँट्रियल येथें पेटिटो व मॅरेंटेट यांनीं, ज्यांचे आईबापही बहिरे होते व घरांत खुणांची भाषा बोलत होते, अशीं बहिरीं मुलें पाहिलीं. इतर मुलें 'बाबाबा' म्हणूं लागतात त्याच वयांत हीं मुलें हातांनीं बोबडें बोलत होतीं. अर्थहीन खुणा, ठराविक घाटाच्या, पुन्हां पुन्हां. भर्तृहरीनें उपजत संस्कार जिभेच्या ठिकाणीं मानला होता. तो बोटांतही असतो.

टीडेमानच्या वहीची परंपरा अगदीं अलीकडे एका विलक्षण टोकास गेली. अमेरिकेंतील डेब रॉय या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें २००५ सालीं मुलगा झाला तेव्हां घराच्या छतांत अकरा कॅमेरे व चौदा ध्वनिग्राहक बसविले, आणि सुमारें तीन वर्षें घरांतलें बोलणें, चालणें, फिरणें सर्व मुद्रित केलें. चित्रमुद्रणच नव्वद हजार तासांचें झालें. तें तपासण्यास माणसें व गणकयंत्रें वर्षानुवर्षें खपलीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांतला एक निष्कर्ष असा: जे शब्द ठराविक जागीं, ठराविक वेळीं, ठराविक कामाच्या ओघांत बोलले जातात ते मूल लवकर उचलतें, जे सर्वत्र सारखे पसरलेले असतात ते उशिरा. न्हाणीघरांतलें 'पाणी', जेवणाच्या वेळचें 'ममं', बाहेर निघतांनाचें 'भुर्र'. मीमांसकांच्या त्या आंगणांत वडिलांनीं 'गाम् आनय' म्हटलें तेव्हां गायही तेथेंच होती, ती आणावयाची वेळही तीच होती, आणि मूल कडेला बसलेलें होतें.